संघाचा कायदा, राज्याचा हात : अमेरिकेच्या संघीय पर्यावरण कायद्यांची व त्यांच्या अंमलबजावणीची चिकित्सा

पर्यावरणविषयक कायद्यांची चर्चा कोठेही निघाली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : कायदा उत्तम आहे, अंमलबजावणी मात्र होत नाही. परिसंवादांत ते येते, वृत्तपत्रीय अग्रलेखांत येते आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तर ते येतेच येते. या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. कायदा ही एक स्वतंत्र, पूर्ण आणि निर्दोष वस्तू असून अंमलबजावणी ही तिच्यानंतर घडणारी, अधिकाऱ्यांच्या चांगल्यावाईट वृत्तीवर अवलंबून असणारी दुसरी गोष्ट आहे, असे ते गृहीतक. अमेरिकेच्या १९७० नंतरच्या संघीय पर्यावरण कायद्यांविषयीही असेच बोलले जाते. परंतु हे कायदे कलमवार वाचले, तर गृहीतक टिकत नाही. कायद्याची अंमलबजावणी जेथे ढिली पडते, ते ठिकाण बहुतेक वेळा कायद्यानेच ढिले ठेवलेले असते. हे तपासण्यासाठी पाण्याविषयीचे दोन अधिनियम, म्हणजे १९७२ चा स्वच्छ जल अधिनियम आणि १९७४ चा सुरक्षित पेयजल अधिनियम, सर्वाधिक उपयोगी आहेत. हवेविषयीचा कायदा तुलनेपुरता पुरेसा आहे.

पार्श्वभूमी

२२ जून १९६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीवर साचलेल्या तेलकट थराने पेट घेतला. आग फार मोठी नव्हती, थोड्याच वेळात ती आटोक्यात आली. ही नदी त्यापूर्वीही अनेकदा पेटलेली होती. 'टाइम' साप्ताहिकाने या घटनेच्या निमित्ताने जे छायाचित्र छापले, तेही १९५२ च्या आगीचे होते. तरीही १९६९ च्या आगीला प्रतीकाचे मोल आले, कारण तोवर जनमत बदलले होते. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची स्वाक्षरी झाली. त्याच वर्षी २ डिसेंबरला पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजेच 'ईपीए', अस्तित्वात आली आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी स्वच्छ हवा अधिनियम मंजूर झाला. ऑक्टोबर १९७२ मध्ये मात्र जलविषयक विधेयकावर खर्चाचे कारण देऊन निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दुसऱ्याच दिवशी, दोनतृतीयांशांहून मोठ्या बहुमताने, तो निष्प्रभ केला.

१९७२ च्या अधिनियमाने केलेला बदल मूलगामी होता. त्याआधीच्या, विशेषतः १९६५ च्या, कायद्यात नदीच्या पाण्याचा दर्जा हा निकष होता. दर्जा घसरला, तर तो कोणामुळे घसरला हे सिद्ध करावे लागे. एका नदीकाठी वीस कारखाने असतील, तर प्रत्येक जण उरलेल्या एकोणीस जणांकडे बोट दाखवी. नव्या कायद्याने नदीकडे पाहण्याऐवजी नळाच्या तोंडाकडे पाहिले. कोणत्याही बिंदुस्रोतातून परवान्याशिवाय प्रदूषक सोडणे बेकायदा ठरले आणि परवान्यात किती प्रदूषक सोडता येईल याचे आकडे आले. त्यामुळे कारखान्याने आकडा ओलांडला की नाही, एवढाच प्रश्न उरला. पर्यावरण कायद्याच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी परिणामकारक कल्पना क्वचितच आढळते.

एकाच कलमातील दोन स्वर

अधिनियमाच्या पहिल्याच मोठ्या कलमात, म्हणजे कलम १०१ मध्ये, या कायद्याचे अंतर्द्वंद्व उघड आहे. पोटकलम 'अ' मध्ये १९८५ पर्यंत प्रदूषकांचा विसर्ग पूर्णपणे थांबवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्याच्यामागून लगेच येणारे पोटकलम 'ब' असे सांगते, की प्रदूषण रोखण्याची प्राथमिक जबाबदारी आणि अधिकार राज्यांचे असून ते अबाधित राखणे हे काँग्रेसचे धोरण आहे. पहिले वाक्य राष्ट्राच्या वतीने बोलते, दुसरे राज्यांच्या. दोहोंमध्ये संघर्ष झाला तर कोणाचे ऐकावे, हे कलम सांगत नाही. पुढील पन्नास वर्षांतील बहुतेक वाद या दोन पोटकलमांमधील मोकळ्या जागेत लढले गेले आहेत.

या रचनेचे मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. भारतीय वाचकाला येथे थोडे थांबावे लागते. आपल्याकडे १९७४ च्या जल अधिनियमाचे कलम १८ राज्य मंडळांना केंद्रीय मंडळाच्या निर्देशांशी बांधून ठेवते. त्या निर्देशांचे पालन प्रत्यक्षात किती होते हा प्रश्न वेगळा. पण वरून आदेश देता येतो, हे गृहीत आहे. अमेरिकेत काँग्रेस नागरिकांना व कंपन्यांना आदेश देऊ शकते, राज्य सरकारला मात्र 'आमचा कायदा तुम्ही राबवा' असा आदेश देऊ शकत नाही. किरणोत्सर्गी कचऱ्याविषयीच्या 'न्यूयॉर्क विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या १९९२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. म्हणून संघीय कायद्यांनी आदेशाऐवजी सौद्याचा मार्ग धरला. राज्याने संघाच्या किमान निकषांइतका कडक कायदा आणि यंत्रणा उभारली, तर परवाने देण्याचा व तपासणीचा अधिकार राज्याकडे येतो. राज्याने तसे केले नाही, तर ईपीए ते काम स्वतः करते. याला तेथे 'सहकारी संघराज्यवाद' असे भारदस्त नाव आहे.

हा सौदा राज्यांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. स्वच्छ जल अधिनियमाखाली विसर्गाचे परवाने देण्याचा अधिकार ५० पैकी ४७ राज्यांना मिळालेला आहे. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर आणि न्यू मेक्सिको ही तीनच राज्ये उरली. पेयजलाच्या बाबतीत तर वायोमिंग वगळता प्रत्येक राज्याकडे हा अधिकार, म्हणजे तेथील परिभाषेत 'प्रायमसी', आहे. कायदा संघाचा असला, तरी कारखान्याच्या किंवा जलशुद्धीकरण केंद्राच्या दारात जो निरीक्षक उभा राहतो, तो जवळजवळ सर्वत्र राज्याचा पगारी नोकर आहे.

मग राज्याने काम नीट केले नाही तर? कलम ४०२ मध्ये उत्तर आहे : ईपीएने सुनावणी घ्यावी, सुधारणेसाठी जास्तीत जास्त नव्वद दिवस द्यावेत आणि तरीही सुधारणा न झाल्यास अधिकार काढून घ्यावा. हे वाचायला कठोर वाटते. परंतु अधिकार काढून घेतला, की त्या राज्यातील हजारो परवान्यांचे काम दुसऱ्या दिवसापासून ईपीएच्या गळ्यात पडते आणि त्यासाठी तिच्याकडे ना माणसे ना पैसा. नागरिक संघटनांनी अशा मागणीचे अनेक अर्ज केले. एकाही राज्याचा विसर्ग परवान्यांचा संपूर्ण अधिकार ईपीएने आजवर काढून घेतलेला नाही. जे शस्त्र उचलले तर उचलणाराच कोलमडतो, ते शस्त्र राज्य सरकारे गंभीरपणे घेत नाहीत, यात नवल नाही. एखाद्या अधिकाऱ्याच्या भित्रेपणाने ही स्थिती आलेली नाही. कायद्याने लहान शिक्षा आणि सर्वांत मोठी शिक्षा यांच्या मधली पायरी जवळजवळ रिकामी ठेवली आहे.

शिशाच्या दोन वाटा

हा मुद्दा एकाच धातूच्या दोन कहाण्यांतून अधिक स्पष्ट होतो. शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. अमेरिकेत ते दोन मुख्य वाटांनी घराघरांत शिरत होते : मोटारींच्या पेट्रोलमधून आणि पाण्याच्या जुन्या नळांमधून.

पेट्रोलमधील शिशाविरुद्धचा पहिला नियम ईपीएने १९७३ मध्ये स्वच्छ हवा अधिनियमाखाली काढला. उद्योगांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला. १९८६ च्या आरंभापासून मर्यादा एका गॅलनला दशांश ग्रॅमवर आणली गेली आणि १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद झाले. परिणाम मोजता येण्याजोगा होता. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होते; १९८८ ते १९९१ च्या फेरीत ते २.८ वर आले. एवढे यश कोणत्याही देशातील कोणत्याही पर्यावरण नियमाला क्वचितच लाभले असेल. त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. नियम तेलशुद्धीकरण कारखान्याच्या फाटकावर लागू होता. कारखाने मोजके, मोजणी सोपी, आणि संघ व कारखाना यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही.

नळांतील शिशाची वाट निराळी. १९८६ च्या दुरुस्तीने नवे शिशाचे नळ बसवण्यास बंदी केली, पण जमिनीखाली आधीच पुरलेले लक्षावधी नळ तसेच राहिले. १९९१ च्या नियमाने पाण्यात शिसे उतरू नये म्हणून गंजरोधक प्रक्रिया सक्तीची केली आणि नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक नमुन्यांत शिसे अब्जांशी १५ भागांपेक्षा जास्त आढळले, तर पुढील कारवाई सांगितली. नमुने कोणी घ्यायचे? पाणीपुरवठा करणाऱ्या नगरपालिकेने. त्यांची छाननी कोणी करायची? राज्याने. ईपीएने फक्त राज्यावर नजर ठेवायची.

मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात या साखळीची प्रत्येक कडी तुटली. सुमारे एक लाख वस्तीचे हे शहर, बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय, मोटारधंदा ओसरल्याने कंगाल झालेले. निवडून आलेल्या महापौरांच्या डोक्यावर राज्याने आणीबाणी व्यवस्थापक नेमलेला. खर्च वाचवण्यासाठी २५ एप्रिल २०१४ रोजी शहराने डेट्रॉइटचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली. नव्या पाण्यात गंजरोधक द्रव्य घातले गेले नाही, कारण आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन फेऱ्यांत पाणी तपासायचे आणि मग प्रक्रिया ठरवायची, असा नियमाचा अर्थ राज्याच्या पर्यावरण विभागाने लावला. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणे बंद केले. यंत्राचे भाग गंजू लागले होते. शहरातील मुले तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिली.

यापुढील घटनाक्रम कायद्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याने ईपीएला कळवले, की फ्लिंटमध्ये गंजरोधक प्रक्रिया चालू आहे. एप्रिलमध्ये ती नसल्याचे राज्याने मान्य केले. २४ जून रोजी ईपीएच्याच शिकागो विभागातील तज्ज्ञ मिगेल डेल तोरल यांनी धोक्याचे सविस्तर टिपण लिहिले. ते बाहेर आले तेव्हा विभागाच्या प्रशासकांनी टिपण अंतिम नसल्याचे सांगून फ्लिंटच्या महापौरांकडे दिलगिरी व्यक्त केली. राज्यावर गंजरोधक प्रक्रियेची सक्ती करता येते का, यावर कायदेशीर अभिप्राय मागवण्यात आला. नियमाचा अर्थ स्पष्ट करणारे ईपीएचे पत्र नोव्हेंबरमध्ये निघाले. दरम्यान सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे पुरावे जाहीर केले आणि १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले. ईपीएचा आणीबाणीचा आदेश निघाला तो २१ जानेवारी २०१६ रोजी. ईपीएच्याच महानिरीक्षकांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या अहवालानुसार असा आदेश काढण्याइतका अधिकार आणि माहिती जून २०१५ मध्येच उपलब्ध होती.

महानिरीक्षकांचे म्हणणे खरेच आहे. तेवढ्यावर थांबणे मात्र सोयीचे आहे. ज्या कलम १४३१ खाली आदेश निघाला, त्याची शब्दरचना पाहावी. धोका निकटचा व मोठा असला पाहिजे, एवढेच ते म्हणत नाही. राज्य व स्थानिक अधिकाऱ्यांनी लोकांच्या आरोग्याच्या रक्षणासाठी कारवाई केलेली नाही, हीदेखील त्यात अट आहे. म्हणजे पाणी विषारी आहे हे सिद्ध झाले तरी पुरेसे नाही. सहकारी म्हणवणारे राज्य निष्क्रिय आहे, असा निष्कर्षही संघीय अधिकाऱ्याला कागदावर काढावा लागतो. अशा रचनेत विभागीय कार्यालयाला राज्याशी पत्रव्यवहार करत राहणे हाच सुरक्षित मार्ग वाटतो. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी गटाने मार्च २०१६ मध्ये मुख्य दोष राज्याच्या पर्यावरण विभागाला दिला, ईपीएच्या चालढकलीवरही ठपका ठेवला आणि या प्रकरणास पर्यावरणीय अन्याय म्हटले. व्यक्तींचा दोष होताच. पण चालढकलीला कायद्यात बसायला जागा होती, याची चर्चा फार थोडी झाली.

नळाच्या तोंडापलीकडे

स्वच्छ जल अधिनियम जेथे यशस्वी झाला, तेथे तो पूर्ण यशस्वी झाला हे न मानणे अन्यायाचे ठरेल. १९७२ नंतर नगरपालिकांच्या सांडपाणी प्रक्रियेसाठी संघाने बांधकाम खर्चाचा ७५ टक्के वाटा उचलला. एकूण अनुदान सहा हजार कोटी डॉलरच्या वर गेले. १९८१ मध्ये हा वाटा ५५ टक्क्यांवर आणला गेला आणि १९८७ नंतर अनुदानाची जागा कर्जाने घेतली. ज्या कायाहोगाने पेट घेतला होता, तिच्यातील मासे खाण्यावरचे निर्बंध २०१९ मध्ये, आगीच्या बरोबर पन्नासाव्या वर्षी, सैल करण्यात आले. आकडा, परवाना आणि पैसा हे तिन्ही जेथे एकत्र आले, तेथे 'अंमलबजावणी होत नाही' अशी तक्रार करायला फारशी जागा उरली नाही.

मात्र शेतातून वाहून येणारे खत आणि माती यांना कायद्याने हातच लावला नाही. बिंदुस्रोताच्या व्याख्येतूनच सिंचनाचे परतीचे पाणी १९७७ मध्ये आणि शेतातील पावसाचे वाहते पाणी १९८७ मध्ये वगळले गेले. त्यांच्यासाठी राज्यांनी योजना आखाव्यात, शेतकऱ्यांनी स्वेच्छेने त्या पाळाव्यात, एवढेच. २ ऑगस्ट २०१४ रोजी, फ्लिंटच्या संकटाला तीन-साडेतीन महिने होत असताना, तेथून फार दूर नसलेल्या टोलेडो शहरात सुमारे चार ते पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. ईरी सरोवरात माजलेल्या शेवाळसदृश जिवाणूंचे विष पाण्यात उतरले होते. त्यांचे खाद्य म्हणजे फॉस्फरस, आणि तो मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांतून येतो. त्यानंतरही सरोवराचा खुला पश्चिम भाग 'प्रदूषित' म्हणून नोंदवायला ओहायो राज्याने २०१८ साल उजाडू दिले, तेही ईपीएवर खटला झाल्यावर. मॉमी खोऱ्यासाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा २०२३ मध्ये मंजूर झाली. परंतु ही मर्यादा शेतावर लागू करण्याचे साधन संघीय कायद्यात नाही. येथे 'अंमलबजावणी झाली नाही' असे म्हणणे म्हणजे जे कधी लिहिलेच गेले नाही, ते पाळले गेले नाही म्हणून रडण्यासारखे आहे.

नागरिकाच्या हाती दिलेली किल्ली

ही उणीव काँग्रेसला अगदीच दिसली नव्हती असे नाही. राज्य व संघ दोघेही झोपले, तर नागरिकाने थेट संघीय न्यायालयात जावे, अशी तरतूद या कायद्यांत आहे. साठ दिवसांची पूर्वसूचना द्यायची आणि मग दावा लावायचा. मात्र राज्याने आधीच दावा लावून तो 'तत्परतेने' चालवला असेल, तर नागरिकाचा दावा अडतो. या अपवादातून काय घडू शकते, हे साउथ कॅरोलायना राज्यातील लेडलॉ प्रकरणात दिसले. घातक कचरा जाळणाऱ्या या कंपनीने नॉर्थ टायगर नदीत पारा सोडण्याची मर्यादा शेकडो वेळा ओलांडली होती. नागरिक संघटनांनी सूचना दिल्यावर कंपनीने राज्यालाच आपल्यावर दावा लावण्याची विनंती केली. दाव्याचा मसुदा कंपनीच्या वकिलाने लिहिला, न्यायालयीन शुल्कही कंपनीने भरले आणि साठ दिवस संपण्याच्या आदल्या दिवशी एक लाख डॉलरच्या दंडावर तडजोड झाली. वादी आणि प्रतिवादी एकाच लेखणीने लिहीत असल्याचे असे उदाहरण विधिसाहित्यात दुर्मिळ. कनिष्ठ न्यायालयाने ही 'तत्परता' मानली नाही आणि ४,०५,८०० डॉलरचा दंड ठोठावला; सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नागरिकांचा दावा चालवण्याचा हक्क मान्य केला.

न्यायालयाचे नवे वाचन

गेल्या काही वर्षांत कलम १०१ मधील दुसरा स्वर अधिक मोठा झाला आहे. मे २०२३ मध्ये 'सॅकेट' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाणथळ जागांवरील संघाचा अधिकार आखडला. नदी-सरोवरांशी पृष्ठभागावरून अखंड जोडलेल्या जागाच त्यात उरल्या, आणि या वाचनाला राज्यांच्या प्राथमिक जबाबदारीच्या पोटकलमाचा आधार देण्यात आला. मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दाव्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले, की 'पाण्याचा दर्जा बिघडता कामा नये' अशी सर्वसाधारण अट परवान्यात घालता येणार नाही. काय करायचे ते ईपीएने नेमकेपणाने सांगावे. बहुमताने यासाठी १९७२ पूर्वीच्या कायद्याच्या अपयशाचा दाखला दिला. इतिहासाचा दाखला खरा आहे, निष्कर्ष मात्र शंकास्पद. १९७२ च्या काँग्रेसने नळाच्या तोंडाचा निकष नदीच्या निकषाच्या जोडीला आणला होता, त्याच्या जागी नव्हे. शिवाय नेमकेपणाने सांगायला तज्ज्ञ माणसे लागतात. ईपीएचे मनुष्यबळ जानेवारी २०२५ मधील सुमारे सोळा हजारांवरून सुमारे साडेबारा हजारांवर आणण्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. एकीकडे अधिक तपशिलाची मागणी आणि दुसरीकडे तपशील लिहिणाऱ्यांची कपात, यांचा मेळ कसा बसतो हे निकालपत्रात शोधून सापडत नाही.

जून २०२४ मध्ये 'लोपर ब्राइट' खटल्यात न्यायालयाने चाळीस वर्षांचा 'शेव्हरॉन' सिद्धान्तही रद्द केला. संदिग्ध कायद्याचा प्रशासनाने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, असे तो सांगत असे. हा सिद्धान्त आज पर्यावरणवाद्यांना प्रिय वाटतो. पण १९८४ चा मूळ खटला पर्यावरणवाद्यांनी हरला होता. अ‍ॅन गॉर्सच ईपीएच्या प्रमुख असताना उद्योगांना सवलत देणारा जो नियम निघाला, त्याचे समर्थन त्यातून झाले होते. २०२४ च्या बहुमतात त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती नील गॉर्सच होते. सिद्धान्ताला पक्ष नसतो, त्या त्या वेळी ईपीए कोणाच्या हाती आहे यावर त्याचे मित्र ठरतात.

राज्यांच्या हक्कांचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियाला मोटारींच्या धुरासाठी स्वतःचे कडक निकष ठरवण्याची मुभा संघीय कायद्यानेच दिलेली आहे. जून २०२५ मध्ये काँग्रेसच्या ठरावांवर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी होऊन अशा काही परवानग्या मागे घेण्यात आल्या. कॅलिफोर्नियाने त्याच दिवशी न्यायालयात धाव घेतली. प्रदूषण सैल करू पाहणाऱ्या राज्याची स्वायत्तता पवित्र, कडक करू पाहणाऱ्याची मात्र अडचणीची, असा या राजकारणाचा रोख दिसतो.

फ्लिंटपुरते बोलायचे, तर तेथील शिशाचे नळ अखेर बदलले गेले. मार्च २०१७ मध्ये संघीय न्यायालयात जी तडजोड झाली, तिने शहरावर व राज्यावर हे बंधन घातले. ते काम २०२० च्या आरंभापर्यंत संपायचे होते. सुमारे अकरा हजार नळ बदलून झाल्याचे न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये कळवण्यात आले. त्याच्या दोन महिने आधी ईपीएने आपला आणीबाणीचा आदेश मागे घेतला होता. ज्या दाव्यातून ती तडजोड निघाली, तो ईपीएने लावलेला नव्हता, राज्यानेही नव्हे. शहरातील धर्मोपदेशकांची एक संघटना, एक रहिवासी आणि दोन नागरी संस्था हे त्यातील वादी होते.